अनुजानं फोनमध्ये टाकून दिलेली चार अ‍ॅप्स

आमची अनुजा नागपूरहून चार दिवसांसाठी माहेरी आली आणि जाताना माझ्या फोनमध्ये चार अ‍ॅप्स टाकून गेली. एक, गाडी कुठवर आली ते सांगणारं. एक, गोळ्यांची आठवण देणारं. एक, झाडाचा फोटो काढला की त्याचं नाव सांगणारं. अंगणातल्या पारिजातकाला त्यानं बरोबर ओळखलं, तेव्हा मी खूश झालो. दिवसभर मग आमच्या वैशाली नगरातल्या कुंपणांवरून वाकून मी लोकांच्या झाडांचे फोटो काढत फिरलो.

चौथं अ‍ॅप समोरचा जे बोलेल ते पडद्यावर लिहून दाखवायचं. "बाबा, हे सगळ्यात कामाचं आहे," अनुजा माझ्या कानाशी ओरडली. "आई बोलली की इथं वाचत जा!"

माझं डोकं फिरलं. "मी काय बहिरा आहो का? जवळून बोललं की ऐकू येते मले."

हे मी सगळ्यांना ठणकावून सांगत आलोय. चौतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये काढली. तिथं रूळ कापणारी करवत सुरू झाली की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घालणं मला कमीपणाचं वाटे. त्या मिजाशीपायी कान गेले. रिटायर झाल्यावर मी एक युक्ती काढली. कुणी बोललं की मान हलवायची, "हो हो" म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. माझी बायको शीला भाजी, गॅस, लाइट बिल असलं सगळं ओरडूनच सांगायची, आणि ते चार घरांना ऐकू जायचं. पण जवळ बसून बोललं की मला कळतं, यावर तिचाही विश्वास बसला होता.

अनुजा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी शीला आणि शेजारच्या बेबीताई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बघू या तरी काय लिहितंय, म्हणून मी ते अ‍ॅप सुरू करून फोन त्यांच्याजवळच्या फळीवर ठेवला आणि मागच्या अंगणात गेलो. बायकांच्या चुगल्या वाचून संध्याकाळी शीलाला चिडवायचं, असा बेत होता.

बेबीताई गेल्यावर फोन घेऊन बसलो. थोडं चुकतमाकत लिहिलं होतं. कोण काय बोललं तेही दिलेलं नव्हतं. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचं बोलणं काय ओळखू येत नाही?

"रायपूरले काय म्हणला डॉक्टर?"

"ऑपरेशनची वेळ गेली म्हणे. छातीतली गाठ लय पसरली."

ती ओळ मी परत वाचली. तीन मंगळवार शीला कुम्हारीला बहिणीकडे, जयाकडे जाते म्हणून गेली होती; जात होती ती रायपूरच्या डॉक्टरकडे. जयाचं काय एवढं लागून गेलंय, म्हणून मी तिन्ही वेळा कटकट केली होती.

"दयारामभाऊले सांग ना आता." दयारामभाऊ म्हणजे मी.

"सांगतलं होतं, बेबीताई. मागच्या वर्षी, बोराएवढी होती तवा. दोनदा सांगतलं. बाजूले बसून, हळूच. असं ओरडून थोडी सांगता येते? 'हो हो' म्हणाले अन् झाडाईले पाणी द्याले उठून गेले."

"अन् मंग?"

"मंग काय? त्याईलेच काही नाही वाटलं, तर म्हटलं जाऊ दे."

शीला स्वयंपाकघरात डाळ धूत होती. मी जाऊन तिच्यासमोर फोन धरला. तिनं वाचलं आणि तिचे हात पाण्यातच राहिले.

"शीला, मले ऐकूच नाही आलं व. जवळून बी नाही येत. खोटं बोलत होतो मी सगळ्याईले."

मला वाटलं मी हळू बोललो. पण समोरच्या घराच्या खिडकीत दोन डोकी आली, म्हणजे ओरडलोच असणार. शीलानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे ओठ हलले. मी फोन तिच्या तोंडाजवळ नेला.

"म्हणजे तुमी ऐकून उठून नाही गेले?"

"नाही व."

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. पण रडताना तिचा चेहरा सैल पडत गेला, वर्षभराचं ओझं उतरावं तसा. ते मला पाहवेना. नवऱ्यानं ऐकलं आणि तो उठून गेला, एवढंच या बाईला इतके दिवस वाटत होतं. आणि तरी ती रोज मला समोर बसवून गरम पोळी वाढत होती.