मला सोडा, टेकडीवर जा

मी एक जुनी शिडाची होडी आहे, पण मित्रांनो, मला शोधायला समुद्रावर जाऊ नका. कॅरियाकू बेटावर, खाडीच्या काठच्या तिवरांत मी कुशीवर पडून आहे. डोलकाठी मोडली आहे, पोटात खेकडे फिरतात. नाव तेवढं अजून वाचता येतं, 'थिओडोरा'. ते ॲल्विनच्या आईचं नाव.

ॲल्विन माझा मालक. म्हणजे म्हणायचं मालक. लाडात आला की मला लेक म्हणायचा, चिडला की म्हातारडी. त्याने आणि त्याच्या मित्राने, इनॉकने, किनाऱ्यावरच्या बदामाच्या सावलीत मला बांधलं. लाकूड कृष्णपक्षात तोडलेलं, म्हणजे कीड लागत नाही. पण दोघांना मासेमारीतून फुरसत मिळेल तेव्हाच फळी बसायची, तोवर मी नुसत्या बरगड्या घेऊन उन्हात उभी. येणारे-जाणारे विचारायचे, "काय रे, ही होडी आहे की वाळत घातलेला मासा?"

पाण्यात उतरले तो दिवस मात्र माझा होता. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, ॲल्विनने रम शिंपडली, बोकड कापला, तुरीच्या दाण्यांचा भात रटरटला. मग कुऱ्हाडीने माझे टेकू तोडले आणि अख्ख्या गावाने गाणी म्हणत मला दोराने समुद्रात ओढलं. ॲल्विनची बायको मर्टल कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आमच्या लग्नात एक कोंबडी कापताना याचा जीव खालीवर होत होता."

मग मी राबले. मासे आणले, शेजारच्या बेटांवरून सिमेंट आणलं, वऱ्हाडं नेली, एकदा तर अडलेली बाई नेली आणि बाळंतीण परत आणली. शर्यतीत पहिली आले तेव्हा माझ्या गळ्यात फुलं होती. पुढे इंजिनाच्या होड्या आल्या आणि मला विचारणारं कोणी उरलं नाही. मुलं परदेशी गेली. ॲल्विन तेवढा दर वर्षी, पाणी शिरू नये म्हणून, माझ्या फटींत कापूस ठोकत राहिला.

आमच्याकडे एक म्हण आहे. जूनला अजून वेळ, जुलैला राहा जपून, ऑगस्ट आला की बसा घरात लपून. वादळांची म्हण आहे ही. तिच्यावर आमच्या माणसांचा बायबलएवढा विश्वास. आणि जूनची दुसरी गोष्ट म्हणजे बकऱ्या. कोरड्या दिवसांत त्या बेटभर मोकळ्या हिंडतात, पण पाऊस पडून मका पेरला की ज्याने त्याने आपल्या बांधायच्या. नाहीतर भांडणं होतात.

गेल्या जूनमध्ये मर्टलच्या बकऱ्यांना दावी नव्हती. ॲल्विनने माझा लांब दोर काढला, वादळात मला बांधायचा, आणि त्याचे तुकडे केले.

"होडीचा दोर?" मर्टल हसली. "आज सूर्य कुठून उगवला?"

"ऑगस्टला नवा आणू. आता कुठलं वादळ?"

मित्रांनो, मला ठाऊक होतं. समुद्र माझ्या तळाला लागत होता ना. ते पाणी जूनचं नव्हतं, ऑगस्टचं होतं, भांड्यात विसरलेल्या चहासारखं कोमट. वादळं अशाच पाण्यावर पोसतात. पण मी लाकूड. मी करकरले, तर ॲल्विन म्हणाला, "म्हातारडीची हाडं दुखतायत."

महिना संपायच्या आत रेडिओ ओरडायला लागला. ॲल्विनने मला खाडीत आत नेलं आणि उरलेल्या तोकड्या दोराने जाड तिवराला आवळून बांधलं. इनॉकनेही आपली होडी शेजारी बांधली आणि तो टेकडीवरच्या शाळेकडे निघाला.

"चल रे. होडी गेली तर नवी बांधू. आपण दोघं आहोत तोवर काय?"

"एकाने होडीत राहायचं असतं," ॲल्विन म्हणाला. "माझा बाप राहिला, आजा राहिला. पाणी चढलं की दोर कोण सैल करणार?"

मर्टल चिखलात उभी होती. "हिला सोबत लागते. आणि मला?"

"दुपारी येतोच. कोकोचा चहा ठेव."

ती गेली. मग वारा आला, आणि वाऱ्यामागून समुद्रच खाडीत शिरला. पाणी चढत गेलं, तशी मी वर जाऊ बघत होते आणि तो तोकडा दोर माझं नाक खाली ओढत होता. गाठ इतकी करकचली की सुटेना. माझ्या तोंडावरून पाणी आत यायला लागलं. ॲल्विन कोयता घेऊन सरपटत पुढे आला. मनातल्या मनात मी ओरडत होते, बुडू दे मला, तू झाडाला धर. त्याने दोर कापला. मी एकदम वर उसळले, आणि माझ्या त्याच उसळीने तो खाली फेकला गेला. एकदा त्याचा हात माझ्या फळीला लागला. मला हात नाहीत, मित्रांनो.

वादळ सरल्यावर तो तिवरांच्या मुळांत सापडला. इनॉकच्या होडीचा तर तुकडाही मिळाला नाही. मर्टल माझ्याजवळ आली. नाकाशी लोंबणारं तोकड्या दोराचं टोक तिने हातात घेतलं. मग घरी जाऊन तिने सगळ्या बकऱ्या सोडून दिल्या. वादळातून उरला होता तेवढा गावचा मका त्या खाऊन गेल्या. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही.

आता पुन्हा जून आहे. इनॉक रोज येतो, माझ्या फटींत कापूस ठोकतो. काल मर्टल त्याच्यासाठी जेवण घेऊन आली.

"कशाला हा खटाटोप?"

"ॲल्विनची निशाणी आहे. यंदा काही आलं तर हिच्यात मी बसेन. दोर लांब आणलाय."

"तूही म्हणशील, दुपारी येतोच."

इनॉक खाली मान घालून ठोकत राहिला.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतो की आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. आभाळ फिरलं की आमच्याकडे वळूनसुद्धा बघू नका. होडी असो, घर असो, सोडा आणि वर जा. आम्हाला पुन्हा बांधता येतं. हे इनॉकला कोणीतरी सांगा. भरतीचं पाणी आता माझ्यापर्यंत येतं, आणि ते कोमट आहे.