चोकचा गरम दांडा

रंग नंतर, आधी इंजिन, असं मी दादाला शंभरदा बजावलं होतं. पण ऐकेल तर तो दादा कसला! पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस. ब्रश हातात आला की त्याला पुढचं-मागचं दिसत नाही. ट्रकखाली उताणा झोपून त्याने पार चासीपर्यंत, खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, हिरवा रंग चढवला, अगदी बाबांच्या वेळचा. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या बाबांची नजर गेल्या वर्षीच गेलेली.

तेव्हापासून बाबा जिना उतरले नव्हते. जन्मभर हाच ट्रक, आमची ‘म्हातारी’, चालवलेला माणूस दिवसदिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. ते मला बघवत नव्हतं. ‘म्हातारी सुरू करून दाखवते, चला,’ म्हणून मी आज त्यांना कसंबसं खाली आणलं. ते केबिनमध्ये चढले, स्टिअरिंग चाचपलं आणि म्हणाले, "नाही सुरू झाली, तर पुन्हा मला खाली बोलवायचं नाही."

त्यांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. टक्. पुढे काही नाही.

दिवे मात्र लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत. तरी मी तिची टोकं घासली. टक्. मग इंजिनाला फिरवणारा स्टार्टर उतरवला, माझ्या गॅरेजच्या बाकावर सरळ बॅटरीला जोडला, तर तो भिंगरीसारखा फिरला. परत बसवला, आणि पुन्हा टक्! साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. गावभरच्या गाड्या माझ्या हातून सुरू होतात आणि घरची म्हातारी मला दाद देत नव्हती.

"राहू दे," दादा हळूच म्हणाला. "रंग तरी छान झालाय."

"तो काय चाटायचाय?" मी खेकसले.

बाबा दार उघडून पाय खाली सोडू लागले. आज ते वर गेले की कायमचे वर गेले.

"बाबा, आणखी एकदा. माझ्यासाठी."

ते कुरकुरत बसले. किल्ली फिरवली, धरून ठेवली. टक्. मग एकदम हात झटकून ओरडले, "अगं, हा चोकचा दांडा गरम कसा लागतोय?"

मी पाना टाकून धावले. दांड्याला हात लावला. चांगलाच तापला होता. आत्ता कळलं घोडं कुठे पेंड खात होतं! स्टार्टरची वीज इंजिनातून बॅटरीकडे परत जायला जाड तार असते. ती वाट बंद झाली, म्हणून बिचारी वीज इंजिनापासून दांड्यापर्यंत येणाऱ्या चोकच्या बारीक तारेतून वाट काढत होती.

मी ट्रकखाली शिरले. इंजिनाची जाड तार चासीला घट्ट बसवलेली होती, पण तिच्याखाली रंगाचे दोन गुळगुळीत हात. रंगातून वीज कशी जाणार?

"दादा, ही तार तू काढली होतीस?"

"मग? नाहीतर तिच्याखाली तेवढाच गंज दिसला असता." त्याचं तोंड उतरलं. मी पॉलिशपेपर घेतला, तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "थांब. माझा रंग मीच खरवडतो." लोखंड पांढरं होईपर्यंत तो घासत राहिला. मी तार आवळली.

"बाबा, स्टार्टर मारा!"

म्हातारी खोकली, धूर ओकली आणि धडधडायला लागली. अंगणातल्या बादल्या थरथरल्या. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही. दादा हिरव्या हातांनीच टाळ्या पिटत होता.

बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. दादा माझी नजर चुकवून पायाकडे बघू लागला.

"याच्याही खाली रंग लावलास ना रे?" बाबा म्हणाले. "उद्या चहा झाला की बघू. मला बोलवायला येऊ नका, मीच खाली येतो."