सर्दी झालेला बेमो

स्पीकरची दोन्ही खोकी मी बापाच्या थडग्यावर ठेवली. आमच्याकडे घरची माणसं अंगणातच पुरतात, आणि सपाट, सावलीची जागा तेवढीच होती. शेजारी आईच्या थडग्यावर पलीकडच्या बाईंची मिरची वाळत होती, ती थोडी बाजूला सरकवली आणि तिथे पक्कड, वायरी, स्क्रू मांडले.

बापाने एकतीस वर्षं बेमो चालवला, म्हणजे प्रवासी नेणारी छोटी व्हॅन. बाकुनासेच्या चढावरून खाली कुपांगच्या बाजारापर्यंत आणि परत. मागे दोन्ही बाजूंना लांब बाकं, बाकांखाली हे स्पीकर, त्याच्या सीटखाली ॲम्प्लिफायर. आमच्याकडे समोर आला म्हणून कोणी बेमोत चढत नाही. ज्याचा धमधमाट छातीत बसतो त्याची वाट बघत उभे राहतात, मग उशीर झाला तरी चालतो.

बापा फेब्रुवारीत गेला. बेमो भंगारात गेला. त्याआधी मेल्की काकांनी, म्हणजे बापाच्या जुन्या कंडक्टरने, वायरी कापून हे तीन नग बाहेर काढले आणि माझ्या दारात आणून ठेवले. म्हणाले, "ठेव, नाहीतर विक. माझ्या घरात जागा नाही आणि बायकोला राग येतो." सहा महिने ते माझ्या पलंगाखाली होते.

विकणं जमलं नाही. मला एक गोष्ट हवी होती. लहानपणी, आणि पुढे ग्रंथालयात नोकरीला लागल्यावरही, संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी घरात असले की बापाचा बेमो दिसायच्या आधी ऐकू यायचा. देवळाखालच्या वळणावरून त्याचा आवाज वर चढायचा. पन्नास बेमोंतून मी तो ओळखला असता. तो एकदा, घरात बसून, तसाच चढत येताना ऐकायचा होता. बेमो नव्हता, पण माझी छोटी जुनी गाडी होती. आणि आवाज तर या खोक्यांत आहे, असं मी धरून चालले होते.

दुकानात बसवून मिळालं असतं. पण दुकानातल्या माणसाला मला कसला आवाज हवाय ते सांगता आलं नसतं. मी दोन पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, वहीत आकृती काढली आणि शनिवारी सकाळी बॅटरीचं मायनसचं टोक सोडवलं.

बॅटरीपासून जाड लाल वायर काढली. तिच्यात बॅटरीजवळच फ्यूज बसवला. इंजिनामागच्या पत्र्यातल्या रबरी भोकातून ती आत घालायची होती. साबणाचं पाणी लावल्याशिवाय सरकेना. ती डाव्या कडेने गालिच्याखालून मागे नेली आणि गाण्याची बारीक वायर उजव्या कडेने, कारण दोन्ही शेजारीशेजारी गेल्या तर स्पीकर कण्हत राहतो. मागच्या सीटखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि तिथे अर्थिंगची वायर आवळली. नखं काळी झाली, एका बोटाला पत्रा लागला. दुपारपर्यंत स्पीकर तेवढे जोडायचे राहिले.

खोक्यांच्या पाठीमागे कापलेल्या वायरींचे बोटभर तुकडे अजून अडकलेले होते. डाव्या खोक्यात लाल वायर लाल खुंटीला, काळी काळीला. उजव्यात उलट.

मला हसू आलं. पंधरा वर्षांची असताना मी शाळेत स्पीकर कसा चालतो ते शिकले होते आणि घरी येऊन बापाला ऐकवलं होतं, "बापा, तुझा एक स्पीकर उलटा जोडलाय. एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. म्हणून तुझ्या गाण्यात दम नाही." त्याच्या बेमोला बाकीचे ड्रायव्हर 'सर्दी झालेला बेमो' म्हणायचे, आणि माझ्या वर्गातली मुलं मला सर्दीवाल्याची पोरगी. बापा जेवत होता. म्हणाला, "असं होय? बघतो." मला वाटलं होतं, त्याने तेव्हाच नीट केलं असणार.

मी ते तुकडे काढून टाकले आणि दोन्ही खोकी गाडीत मागे ठेवून पुस्तकात आहे तशी जोडली.

मेल्की काका चारला आले, तोंडात सुपारी. बापाच्या थडग्यावर थाप मारून म्हणाले, "सरक रे मेसाख, जागा दे," आणि बसले. मग माझ्या हातांकडे बघितलं. "काय गं नोना, ग्रंथालयात आता हेही शिकवतात?"

"ऐका तर आधी."

बॅटरी जोडली, गाणं लावलं. बापा रोज लावायचा तेच, लग्नातल्या नाचाचं. खिडकीची काच थरथरली, मिरच्या हलल्या, कोंबडी पळाली. आवाज भरदार होता, स्वच्छ होता. मी काकांकडे बघितलं. ते मान डोलवत होते, पण तालाच्या मागून, परक्याच्या घरी डोलवतात तशी.

"चांगलं नाही?"

"झकास आहे. आमचं असं वाजलं असतं तर मी आज दोन बेमोंचा मालक असतो."

"मग?"

"मग काय. हा मेसाख नाही. हा कुणी दुसराच गडी आहे, मोठ्याने बोलतोय."

तेच मलाही वाटत होतं. मी म्हणाले, "एक स्पीकर उलटा होता, तो सरळ केला. तेवढाच फरक. मी बापाला तेव्हाच सांगितलं होतं. त्याला जमलं नसेल."

काकांनी बाजूला थुंकून तोंड पुसलं. "जमलं नसेल? माझ्यासमोर दोनदा सरळ केला त्याने. दोनदा परत उलटा केला. मी भांडलो त्याच्याशी. शाळा सुटली की पोरं आमच्याकडे पाठ करून मागच्या बेमोला हात करायची. आमच्या वाट्याला मासेवाल्या आणि कान दुखणारे म्हातारे."

"मग उलटा कशाला ठेवला?"

"तू कुठे बसायचीस?"

इंजिनच्या झाकणावर. बापाच्या आणि पुढच्या प्रवाशाच्या मधोमध, उशी टाकून. पहिलीपासून सहावीपर्यंत शाळा सुटल्यावर मी तिथे बसायचे, कारण आई कामावर असायची. त्या झाकणावर मी एवढी पुस्तकं वाचली की पुढे घरातल्या शांततेत वाचायला अवघड जायचं.

"तिथे बरोबर मधोमध धमधम मरायची," काका म्हणाले. "एकदा वायर चुकून उलटी लागली आणि त्याला ते सापडलं. मागे वाजतंय, कडेला वाजतंय, आणि त्या हातभर जागेत काही नाही. मला तिथे बसवून दाखवलं वेड्याने. म्हणे, बघ मेल्की, पोरगी वाचू शकते."

गाणं चालूच होतं. मी ते बंद केलं.

"पण सहावीनंतर मी बसतच नव्हते. मला लाज वाटायची."

"तेच तर मी म्हटलं त्याला. म्हटलं, आता ती येत नाही, आता तरी सरळ कर, पोटावर पाय नको आणू. तर म्हणाला, एखाद वेळेस येईल."

काकांनी खिशातून दुसरी सुपारी काढली आणि फोडत बसले. मी गाडीत वाकले. उजव्या खोक्याच्या दोन खुंट्या सैल केल्या, लाल वायर काळीला लावली, काळी लालला. दोन मिनिटांचं काम होतं. हात पुसून किल्ली काकांपुढे धरली.

"देवळाखाली जा आणि वर या. गाणं लावा, काचा खाली ठेवा."

"मी? कंडक्टर दारात लटकतो नोना, चालवत नाही."

"बापाने शिकवलं होतं तुम्हाला. दोन झाडं पाडलीत म्हणून सांगायचा."

"एक झाड. दुसरं आधीच पडलेलं होतं." पण त्यांनी किल्ली घेतली.

मी घरात गेले आणि दार लोटून घेतलं. गाडी उतरत गेली, आवाज विरला. थोडा वेळ नुसता वारा होता, ताडाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या.

मग वळणावरून तो आला. पोकळ, चोंदलेला, मधून गाभा काढून घेतलेला. आधी पावलं वाजावीत तसा, मग त्यावर गाण्याचा बारीक सूर. चढाच्या मध्यावर गियर बदलताना क्षणभर खाली बसला आणि पुन्हा उठला. मी पलंगाच्या कडेला बसले होते. माझे हात आपोआप पुस्तक मिटल्यासारखे एकत्र आले.

गाडी अंगणात थांबली. इंजिन बंद झालं, गाणं चालू राहिलं. आता दार उघडेल आणि कोण उतरतं ते दिसेल, म्हणून मी उठले नाही.

"नोना?" काकांनी हाक मारली. "हाच ना?"

"हो," मी आतूनच म्हणाले. "उतरू नका. अजून एकदा जाऊन या."

इंजिन सुरू झालं. मी खिडकीकडे पाठ करून बसले.