गोट्यांवरची साय

पहिला खड्डा

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, तसं पंचफुलानं मोरीच्या पाण्याला कामाला जुंपलं. मोरीमागं तीन खड्डे, मधून चारी. पहिल्यात राख नि साबणाचा गाळ बसायचा.

दुसरा खड्डा

ह्यात नदीतले गोटे, गोट्यांत कर्दळ नि अळू. महिनाभरात गोट्यांवर बुळबुळीत साय धरली नि पाण्याचा वास गेला. घाण खाते ती ही सायच, असं ग्रामसेविका सांगून गेली होती.

"सुनेनं गटाराले जावई करून ठेवलं!" सासू सत्यभामाबाई म्हणायच्या.

"जावयापरीस बरं हाय, आत्याबाई. खाते, अन् काम बी करते."

तिसरा खड्डा

इथं पाणी नितळ. त्यावर गवताची एक पट्टी, आणि पट्टीवर गाय तगलेली.

"हिरवं हाय तवर राहील," नवरा उकंडराव म्हणाला होता. "नाही तं मोताळ्याचा बाजार."

दुष्काळात बाजारातून गाय कुठं जाते, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग सासरा वारला. अंगणात त्याला शेवटची अंघोळ घातली. पाणी उताराला लागलं, चारीला मिळालं.

दुसरा खड्डा, पुन्हा

दहाव्याला सुतक फिटलं. घर सारवून झालं. पंचफुला परसात आली, तर सासू खड्ड्यात उतरलेली. कर्दळ उपटून टाकलेली. एकेक गोटा धुण्याच्या सोड्यानं खसाखसा घासणं चाललेलं.

"आत्याबाई! काऊन हो?"

"ह्यायच्या मढ्याचं पाणी गेलं न इथून. तेच गवत गाय खाते. तिच्या दुधाचा निवद देवाले कसा दाखवू मी?" म्हातारीनं पुढचा गोटा उचलला. "तूच सांग."

पंचफुलानं उपटलेली कर्दळ गोळा केली. गोटे पांढरेशुभ्र, उन्हात चमकत होते.

तिसरा

काळं पाणी. कुजका वास. कर्दळ परत लावली, धरली नाही. साय धरायला महिना लागणार. गवत आठवड्यात करपलं.

बाजाराच्या दिवशी उकंडरावानं दावं सोडलं. सत्यभामाबाई देवाच्या अंगाऱ्याची डबी घेऊन धावत आल्या.

"इले कुठी नेऊन राह्यला रे?"

"चारा नाही, माय."

"आता तं सारं शुद्ध केलं मी!"

म्हातारीनं गायीच्या कपाळी बोट टेकवलं. मोरीत पंचफुला भांडी घासत होती. पाणी तिनं रोजच्यासारखंच चारीत सोडलं.