चिकटपट्टीचा आहार

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एका वहिनीची आणि तिच्या दिराची गोष्ट सांगतो. माणूस चुकला तरी देव त्याचा हात कसा सोडत नाही, ते कळेल.

वहिनीचं औषधांचं दुकान. दिराचा कारखाना बंद पडला, म्हणून त्याने जीवनसत्त्वाच्या चिकटपट्ट्यांची एजन्सी घेतलेली. दंडावर चिकटवली की झालं! खोक्यांवर त्याने हौसेने ‘पूरक आहार’ अशी लेबलं लावली आणि सगळी खोकी दुकानात आणून ठेवली.

“प्रोटीनच्या डब्यांशेजारी मांडा, वहिनी.”

“नाही मांडणार. आहार तोंडातून पोटात जातो, भाऊजी. हे कातडीतून थेट रक्तात उतरणार म्हणता, म्हणजे औषधात मोडलं. त्याला चाचण्या हव्यात, परवाना हवा.”

“जीवनसत्त्व तेच ना? दारातून आलं काय नि खिडकीतून आलं काय!”

“खिडकीतून शिरणाऱ्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.”

दीर हसला, पण चेहरा उतरला. “दादा गेल्यावर ह्या फळ्या मीच ठोकल्या ना? वीतभर जागा मागतोय. तुम्ही ठेवलं तर बाकीचे दुकानदार घेतील. नाहीतर मी बसलोच घरी.”

वहिनीने त्या फळ्यांवरून हात फिरवला. “तरी नाही,” म्हणाली आणि आत जेवायला गेली.

तेवढ्यात पठ्ठ्याने एक खोकं फळीवर सरकवलं आणि शेजारच्या आजोबांना विकलंही.

संध्याकाळी आजोबा गाल चोळत हजर. “काय हो हा तुमचा आहार! दुधात भिजवला, तरी चावताना कवळी हातात आली!”

दीर चपापला. “खाल्लीत तुम्ही ती?”

“मग? आहार काय कपाळाला लावतात?”

वहिनीने त्यांना खुर्चीत बसवलं. “गिळलंत किती?”

“गिळतोय कसला, थुंकलं!”

तरी तिने डॉक्टरांना फोन लावला. काळजीचं कारण नाही, हे ऐकल्यावरच आजोबांना घरी सोडलं.

आता वहिनी आग ओकणार, असं दिराला वाटलं. ती नुसती आत निघून गेली. मग तोच खोकी घेऊन जमिनीवर बसला आणि एकेक लेबल नखाने खरवडू लागला. लेबलं भलती चिवट. वहिनी ओलं फडकं घेऊन आली आणि त्याच्या शेजारी टेकली. देवाचा हात म्हणतात, तो हाच बघा. एजन्सी बुडाली, हे दोघांनाही कळलं होतं.

वहिनीचं खरं ठरलं, तिला सगळेच आठवतील. तुम्ही मात्र हात जोडाल तेव्हा त्या दिराची आठवण काढा, मायबापहो. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने घरी गेला, नखांत चिकट कागद घेऊन.