ग्राबेला न आठवणारी मॅच

समोरून धावत आलेल्या मुलीच्या पायांत किमयाने स्वतःला झोकून दिलं. बॉल तिच्या बोटांना लागून गोलच्या बाजूने बाहेर गेला, पण त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या मैदानावर त्या शनिवारी दुपारी पन्नासेक पालक होते. सगळ्यांना तो आवाज ऐकू आला.

किमया पडून राहिली. मग उठली, आणि तिने उजवा हात वर केला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या तिच्या बाबाने, विवेकने.

"लागलंय रे तिला," सविता म्हणाली.

"अगं, उठली ना लगेच. गोलकीपर आहे ती."

हा हात वर करायला तिला त्यानेच शिकवलं होतं. खरं तर विवेक पुण्याचा, कोथरूडचा. जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण किमया बारा वर्षांची झाली, सहावीत गेली, आणि एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना चांगल्या शाळेत जागा सगळ्यांत शेवटी मिळते हे त्याला कळलं. खेळाच्या जोरावर मात्र मिळू शकत होती. पलीकडे छपराखाली बसलेले दोन शिक्षक त्यासाठीच मॅच बघायला आले होते. जागा मिळाली नाही तर सविताने तिला घेऊन पुण्याला परतायचं आणि विवेकने इथे एकट्याने राहायचं, असं ठरलं होतं. ठरवताना दोघंही रडले होते.

म्हणून फुटबॉल अकादमी, आणि तिथला कोच ग्राबे. डिटमार ग्राबे, वय साठ, जर्मनीतल्या एका गावच्या क्लबचा सतरा वर्षं गोलकीपर. अकादमीच्या वेबसाइटसाठी त्याच्या कारकिर्दीवर लिहायचं काम विवेकने हौसेने अंगावर घेतलं होतं. शोधता शोधता त्याला एक जुनी क्लिप सापडली. कपचा सामना, बाराव्या मिनिटाला डोक्यावर बूट बसून ग्राबे कोसळतो, उठतो, हात वर करतो, स्टेडियम दणाणतं. पुढे त्याच सामन्यात त्याने दोन पेनल्टी अडवल्या. विवेकने ती क्लिप किमयाला किती वेळा दाखवली असेल, देव जाणे.

हॉकर सेंटरच्या टपऱ्यांपाशी कॉफी पिताना त्याने मोठ्या उत्साहाने ग्राबेला विचारलं होतं, "त्या मॅचबद्दल सांगा ना."

"मला आठवत नाही."

"म्हणजे?"

"ती मॅच मी टीव्हीवर पाहिली. तुमच्यासारखीच." ग्राबेने खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर त्याच्याच घराचा पत्ता होता आणि घरी जाताना उतरायचं मेट्रो स्टेशन. "सतरा वर्षं खेळलो. आठवतात दहा. माझ्या लग्नाचे फोटो आहेत, ते छान आहेत. त्या दिवशी कुणी मला नुसता स्कोअर विचारला असता, तर मला सांगता आला नसता आणि मी मैदानाबाहेर आलो असतो. कुणी विचारला नाही."

विवेकला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. घरी येऊन त्याने लेखाला मथळा दिला, 'जो पडला आणि उठला'. कार्डाचं काही लिहिलं नाही. असलं लिहिलं तर कोण आपली मुलं पाठवेल, असं त्याने सविताला समजावलं.

आता ग्राबे मैदानात शिरला होता. रेफरीला हाताने थांबवून तो सावकाश किमयापाशी गेला, तिचे हातमोजे काढले, बोटं दाबून पाहिली, आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याची पाठ जाळीकडे होती. जाळीमागे विवेक आणि सविता.

"स्कोअर किती?"

किमयाचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिने ग्राबेच्या खांद्यावरून बाबाकडे पाहिलं.

विवेकने छातीपाशी एका हाताची दोन बोटं धरली, दुसऱ्या हाताचं एक.

"टू-वन, कोच."

"कोण पुढे?"

विवेकने बोट तिच्याकडे केलं.

"आपण."

ग्राबे थोडा वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिला. मग तिच्या खांद्यावर थोपटून तो उठला आणि बाहेर गेला. पालकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"तिला माहीत नव्हतं," सविता हळू आवाजात म्हणाली. "तू सांगितलंस."

"घाबरली होती गं. सगळे बघतायत म्हणून."

किमया डावा हातमोजा उजव्या हातात घालत होती. जमेना, तसा काढून पुन्हा त्याच हातात घालायला लागली. एका मैत्रिणीने हसत येऊन, "अदर साइड लाह," म्हणत तिचे दोन्ही मोजे नीट चढवले. विवेकने पटकन शिक्षकांकडे पाहिलं. छपराखाली एक शिक्षक वहीत काहीतरी लिहीत होता.

सविता मैदानाकडे निघाली. त्याने तिचं मनगट धरलं.

"अकरा मिनिटं राहिली आहेत. अकराच. मग लगेच डॉक्टरकडे नेऊ, शपथ."

"सोड."

त्याने सोडलं नाही. शिट्टी वाजली. कॉर्नरवरून मारलेला बॉल उंच गेला आणि गोलसमोर वळायला लागला. सगळ्या मुली माना वर करून धावल्या, पालकांचे डोळे बॉलवर होते.

किमया मात्र वळून जाळीमागे विवेककडे बघत उभी होती, आता काय करायचं ते त्याने सांगावं म्हणून.