चवकाकांची जीभ

या भागात पूर्वी संत्र्याची झाडं म्हणजे विहिरीच्या काठाला दोन-चार, हौसेपुरती. मग कोणीतरी कलमं आणली, एकाचं बघून दुसऱ्याने लावली, आणि वीस वर्षांत धान्याची शेतं जाऊन बागाच बागा झाल्या. पहिलाच ट्रक आंबट म्हणून शहरातून परत आला, तेव्हा बागायतदारांनी कानाला खडा लावला : जिभेवर अचूक गोडी ओळखणाऱ्या चवकाकांनी चाखून हो म्हटल्याशिवाय झाडाला कात्री लावायची नाही. पुढे शेड झाली, शीतगृह झालं, माल बोटीने जाऊ लागला. जीभ मात्र काकांचीच चालली.

ती जीभ दोन वर्षांपूर्वी तापात गेली. संत्रं काय आणि ओला पुठ्ठा काय, काकांना सारखंच. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी बायकोपाशीही ब्र काढला नाही. काकू त्याच शेडमध्ये फळं निवडायला होत्या. नमुना आला की काका एक फोड स्वतः खायचे, दुसरी काकूंना भरवायचे आणि त्यांचा चेहरा वाचायचे. त्या चेहऱ्यावर काही म्हणून लपत नसे.

"काकांना म्हातारचळ लागला!" बायका खिदळायच्या. काकू "पुरे आता" म्हणायच्या, पण हंगामात त्यांची वेणीफणी जरा जास्तच नीटस असायची. काकांना ते दिसायचं आणि लाज वाटायची. तरी भरवणं चालूच.

यंदा नव्या मॅनेजरने साखर मोजायची नळी आणली. काचेवर रसाचा थेंब टाकून त्याने डोळा लावला.

"साखर भरलीय. उद्यापासून तोडणी. काका, तुम्ही फक्त हो म्हणा."

काकांना हायसं वाटलं. एक हो म्हटलं की सुटका, वर अब्रूही शाबूत. सवयीने त्यांनी काकूंना फोड भरवली. काकूंचा डावा डोळा गच्च मिटला.

नळी साखर मोजणार, आंबटपणा तिला कुठून कळणार? बोट भरून आंबट माल गेला, तर साऱ्या बागांचं नाव मातीत.

"नाही," काका म्हणाले. "या बागेला अजून दहा दिवस."

"अहो, तुम्ही चाखलं कुठे?"

सगळी शेड बघत होती. काकांनी आपली फोड टेबलावर ठेवून दिली.

"चाखून उपयोग नाही. दोन वर्षं मला चवच लागत नाही. हिचं तोंड बघून सांगतो."

कोणी हसलं नाही. मॅनेजरने स्वतः फोड खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि मुकाट्याने दुसऱ्या बागेचं फळ पुढे ठेवलं. काकू मान खाली घालून संत्री पुसत होत्या.

त्यांनी फळ सोललं, फोड पुढे केली. काकूंनी ती हातात घेतली, तोंडात टाकली, सावकाश चावली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. काकांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

"कशी आहे गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

काकू मॅनेजरकडे वळल्या.

"ही बाग गोड आहे. लिहून घ्या."